पाण्याला शेंगा चारणारा माणूस

मी शास्त्रज्ञ नाही. कुणी तसं म्हणालं तर मी त्याला अडवत नाही, हा भाग वेगळा. एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो आणि नोकरीतला निम्मा काळ काचेची भांडी धुण्यात गेला. मुलं वर्षभरात किती परीक्षानळ्या फोडतात आणि त्यातल्या किती ‘आपोआप फुटल्या’ म्हणून सांगतात, यावर मी वेगळा लेख देऊ शकतो. पण संपादकांनी “तुमच्या कामातलं काहीतरी लिहा” असा निरोप धाडला, तेव्हा डोळ्यांसमोर परीक्षानळी आली नाही. बाभळीची शेंग आली, आणि शेंगेमागोमाग एक शेळी.

पाणी तपासायचं काम आम्हाला कुणी रीतसर दिलेलं नव्हतं. ते गळ्यात पडलं. कॉलेजात पाणी तपासून देतात अशी बातमी पसरली आणि लोक बाटल्या घेऊन येऊ लागले. बाटल्या तरी कसल्या! खोकल्याच्या औषधाच्या, गोडेतेलाच्या, फिनेलच्या, आणि सगळ्यात जास्त ज्या दुकानाचं नाव दिवाळी अंकात छापता येत नाही तिथल्या. फिनेलच्या बाटलीतून पाणी आणणाऱ्याची तक्रार असायची, “पाण्याला वास येतोय बघा.” माझ्या गावचे, नांदूरघाटचे, एक बडे बागायतदार बोअरचं पाणी अत्तराच्या कुपीतून घेऊन आले. त्यांना तपासणी नकोच होती. आपलं पाणी भावकीतल्या बोअरपेक्षा गोड आहे असं शिक्क्यासकट लिहून हवं होतं. मी दिलं नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका अख्ख्या गावाला गेली, मला आली नाही.

एक बाई तर रडतच आल्या. नव्या बोअरच्या पाण्याचा चहा काळाकुट्ट होतो, म्हणजे जावेने करणी केली. मी पाणी तपासलं. पाण्यात लोह उतरलं होतं. चहात जे तुरट द्रव्य असतं त्याने लोह धरलं की काळा रंग येतो. पूर्वी हिरडा किंवा बाभळीच्या शेंगा आणि लोखंडाचा कीस घालून शाई करायचे, तेच हे. मी म्हटलं, “बाई, करणी नाही, लोखंड आहे.” बाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, “मंग जावंनंच लोखंड टाकलं आसंल.”

त्या काळ्या चहावर मी हसलो होतो, पण आमच्या निकम मॅडम हसल्या नाहीत. मॅडम आमच्या विभागप्रमुख. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि सगळं कॉलेज त्यांना घाबरून. त्या म्हणाल्या, “तुरट द्रव्याने लोह धरलं ना? मग शिसंही धरेल.” त्यानंतरची माझी काही वर्षं या एका वाक्याने खाल्ली.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सोपं करून सांगतो. पाण्यातले जंतू उकळल्यावर मरतात. गाळ तुरटीने खाली बसतो. पण शिशासारखा जड धातू पाण्यात विरघळला की त्याला ना रंग ना वास. उकळून तो जात नाही. पाण्याची वाफ होते, धातू पातेल्यातच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात उलट जास्त. तो पोटात गेला की रक्तात, हाडांत ठाण मांडून बसतो, आणि लहान लेकरांचं सगळ्यात जास्त वाटोळं करतो. तो काढायची यंत्रं आहेत, पण ती विकत घेणारा माणूस आमच्या जिल्ह्यात कुठे राहतो ते मला अजून कळलेलं नाही. मॅडमचं म्हणणं असं की, झाडांच्या साली, टरफलं, बिया यांच्या अंगावर धातूला चिकटायला जागा असतात. आपल्याकडे जे फुकट पडलेलं आहे त्यातलं कोण धातूला घट्ट धरतं तेवढं शोधायचं.

मग काय, माझ्या प्रयोगशाळेची चक्की झाली. सीताफळाची सालं, ज्वारीचं भूस, शेंगदाण्याची टरफलं, चिंचोके, अंड्यांची कवचं, मी सगळं वाळवायचो, कुटायचो, चाळायचो, धुवायचो. आमचे प्राचार्य एकदा दारातून डोकावून म्हणाले, “इथे प्रयोग चाललाय का फोडणी?” शिशाच्या पाण्यात एकेक भुकटी टाकायची, ढवळायची, गाळायची, आणि गाळलेल्या पाण्यात शिसं किती उरलं ते पाहायला नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. आमच्याकडे तसं यंत्र नव्हतं. निकाल येईपर्यंत दहावी-बारावीचे निकाल लागून जायचे.

या सगळ्यांत पहिली आली बाभळीची शेंग. कातडं कमावतात ते ज्या तुरट द्रव्याने, ते शेंगेत ठासून भरलेलं असतं, आणि ते शिशाला अशी मिठी मारतं की सोडता सोडत नाही. पावसाने पाठ फिरवली तरी बाभूळ काही आमच्या डोंगराळ रानाला सोडून जात नाही, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. फक्त एक अडचण होती. बाभळीच्या शेंगांना आधीपासूनच एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे शेळ्या.

धुरपदाबाईची गाठ पडली ती अशी. मांजरसुंब्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांची वस्ती. माणसं तीन आणि शेळ्या पंधरा-वीस. नवरा मागेच वारलेला, मुलगा ट्रकवर, लेक सुनीता सासरी. बाई उन्हाळ्याच्या बेगमीला शेंगांची पोती भरून ठेवायच्या. मी दोन पोती मागितली तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“कितीक शेळ्या हायेत तुमाला?”

“एकही नाही.”

“मंग कुणाला चारता?”

मी पाण्यातलं शिसं, तुरट द्रव्य, असं सगळं जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागे वळून सुनेला म्हणाल्या, “आगं, हे मास्तर पाण्याला शेंगा चारतेत म्हनं!” मी मास्तर नाही, हे मी त्यांना पुढे कित्येकदा सांगितलं. उपयोग झाला नाही. शेंगा मात्र त्यांनी निवडून दिल्या, किडकी एक नाही. “शेळीच्या तोंडातला घास काढून दिलाय,” असं बजावायला विसरल्या नाहीत.

आता बंडू. हे त्याचं खरं नाव नाही, कारण तो भला माणूस आहे आणि त्याला अजून धंदा करायचाय. हमरस्त्याच्या कडेला त्याचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं काढायचं, आणि धुण्याचं पाणी मागच्या चरात सोडायचं. त्या चराकाठचं गवत जळायला लागलं तशी गावात कुरकुर सुरू झाली. खाली उताराला विहिरी होत्या. बंडू आमच्याकडे कॅन घेऊन आला. “भाऊ, माझं पाणी पास करून द्या.”

मी पाणी शहरातून तपासून आणलं आणि म्हटलं, “हे नापास नाही, याला शाळेतूनच काढून टाकायला पाहिजे.”

मॅडमचे डोळे मात्र चमकले. प्रयोगशाळेत स्वतः कालवलेल्या शिशाच्या पाण्यावर किती दिवस खेळायचं? हे खरंखुरं पाणी होतं. आम्ही बंडूच्या दुकानामागे तीन निळे ड्रम मांडले. पहिल्यात चुना घालून पाण्यातलं ॲसिड मारायचं. चुन्यानेच बरंचसं शिसं तळाला बसतं, तो गाळ बंद डब्यात काढायचा. दुसऱ्यात पाणी निवळायचं, आणि तिसऱ्यात बाभळीच्या शेंगा, ज्यातून ते थेंब थेंब झिरपून खाली यायचं. हे पाणी प्यायचं नव्हतं, हे इथे ठळक लिहितो. ते फक्त उघड्यावर न सोडता पुन्हा धुण्याला वापरायचं होतं. प्रयोगशाळेत आम्ही शेंगांची भुकटी वापरायचो, पण ड्रममध्ये भुकटीचा चिखल होऊन तोटी तुंबली. म्हणून मी मण्यांच्या माळेसारख्या त्या शेंगा नुसत्या मोडून, चार-चार मण्यांचे तुकडे करून भरल्या. माझी ही हुशारी लक्षात ठेवा.

निकाल आला तेव्हा मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. ड्रममध्ये जाताना असलेलं शिसं बाहेर येताना जवळजवळ नाहीसं झालं होतं. बंडूने नारळ फोडला आणि एका ट्रक ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “बघ बे, आपलं पानी फर्स्ट क्लास पास झालं!”

आता शिसं पाण्यातून गेलं म्हणजे कुठे गेलं? ते कुठे अंतर्धान पावलं नाही. ते शेंगांत गेलं. शेंग जितकी चांगली, तितकी ती वापरल्यावर वाईट. मॅडमनी मला लिहून दिलं होतं, वापरलेल्या शेंगा ओल्या असतानाच दुहेरी पोत्यात बांधून, चिठ्ठी लावून कॉलेजात आणायच्या. पण ओली पोती जड. मी ती एसटीने नेणारा माणूस, आणि कंडक्टर म्हणजे कंडक्टर. शिवाय मी नांदूरघाटचा. आमच्याकडे शेवया, कुरडया, मिरच्या, तूर, जे ओलं ते उन्हात, असं लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी दुकानामागे ताडपत्री अंथरली, तिच्यावर वापरलेल्या शेंगा पसरल्या, आणि त्या वाळेपर्यंत समोरच्या धाब्यावर चहा प्यायला गेलो.

शेळ्यांच्या मुलखात, उन्हाळ्यात, उघड्यावर बाभळीच्या शेंगा, आणि त्याही माझ्या हुशारीने भुकटी न केलेल्या. दुसऱ्या कुठल्या देशातल्या रसायनवाल्याच्या हातून ही चूक झाली नसती.

परत आलो तर ताडपत्रीवर धुरपदाबाईच्या शेळ्या. सगळ्या नाही, पुढच्या सहा-सात. आणि सगळ्यांच्या मध्ये चांदणी, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात घुंगरू, कळपाची पुढारीण. पुढाऱ्याने करावं तेच ती करत होती, बाकीच्यांना ढुशा देत एकटी हाणत होती. मी ओरडत धावलो, बंडू काठी घेऊन आला, शेळ्या पांगल्या. ताडपत्रीचा एक कोपरा पार मोकळा झाला होता.

धुरपदाबाई मागे राहिल्या होत्या. एका पाटीच्या, म्हणजे न व्यालेल्या तरण्या शेळीच्या, खुरात काटा गेला म्हणून लिंबाखाली बसून तो काढत होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं. थोड्या वेळाने त्या आल्या, मला लांबूनच हात केला, आणि कळप हाकत निघून गेल्या. मीही हात केला. तो हात मला अजून आठवतो आणि लाज वाटते.

बंडू हळूच म्हणाला, “भाऊ, गप ऱ्हावा. शेळीला काय हुतंय? ती तर रुईचा पाला बी खाती. उगं बोंबाबोंब केली तर माजं दुकान बी जाईल आन् तुमची नौकरी बी.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी म्हणीतला तो खाणारा मी होतो. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. मी शेंगा पोत्यात भरल्या, फाट्यावर येऊन उभा राहिलो. आणि तेव्हा मला पंधरा दिवसांपूर्वीचं बोलणं आठवलं. सुनीता बाळंतपणाला माहेरी आलेली होती, मुलगी झाली होती. बाई खुशीत सांगत होत्या, “चांदनीचं समदं दूध लेकीला. तिला पान्हा फुटाया पायजे.”

चांदणीने खाल्लेलं शिसं दुधात उतरणार. ते सुनीताच्या पोटात, आणि तिच्या दुधातून त्या पंधरा दिवसांच्या पोरीत. लहान लेकरांचं सगळ्यात जास्त वाटोळं, असं मी विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितलं होतं. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, “चला पाव्हणं, पोतं वर टाका.” मी म्हटलं, “नाही यायचं.” पोतं बंडूच्या दुकानात कुलपात ठेवलं आणि वस्तीकडे चालायला लागलो.

मी खूप शूर वगैरे नव्हतो. सगळ्या वाटेत मी एकच प्रार्थना करत होतो, की घरी कुणी नसावं. घरी सुनीता होती, बाजेवर, मांडीवर तान्ही. मी ओट्यावर बसून राहिलो. दिवस कलला तसं घुंगरू वाजलं, कळप आला. बाई हात धुऊन, चरवी घेऊन चांदणीजवळ बसल्या. “या मास्तर, कावून आलात एवढ्या लांब? थांबा, धारंचा चा करते.”

“धुरपदाबाई, तिची धार घरात घेऊ नका.”

“कावून?”

“आज तिनं माझ्या शेंगा खाल्ल्या. दुपारी, बंडूच्या दुकानामागं.”

“मंग काय झालं? म्याच दिलेल्या शेंगा त्या.”

“त्या नाहीत. पाण्यातून काढलेल्या. त्यांच्यात बॅटरीचं शिसं आहे.”

त्यांनी चरवी खाली ठेवली. “म्हंजी इख?”

“होय.”

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघत सावकाश म्हणाल्या, “शेळ्यांच्या तोंडातला घास काढून म्या तुमाला दिला. आन् तुमी त्यातच इख कालवून परत चारला व्हय?”

मी ओट्यावरून उठून शेळ्यांजवळ गेलो.

“कोण कोण व्हतं?” त्यांनी विचारलं. मला चांदणी सोडून एकही सांगता येईना. माझ्या डोळ्याला सगळ्या शेळ्या सारख्या. मग बाई एकेका शेळीचा जबडा उघडून दातांत अडकलेलं बघू लागल्या, तोंडाचा वास घेऊ लागल्या. सात शेळ्या त्यांनी वेगळ्या बांधल्या. त्यातल्या तीन दुभत्या. मी फोनवरून जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर आले, औषध दिलं, रक्त घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, यांचं दूध माणसाने नाही आणि करडांनीही प्यायचं नाही, ते स्वतः सांगेपर्यंत. बोकड विकायचा नाही, कापायचा नाही.

सुनीतासाठी मॅडमच्या ओळखीतून दुधाचा रतीब लावला. चांदणी तीन दिवस मान टाकून बसली. नंतर उठली. एक लहान पाट मात्र चौथ्या दिवशी गेली. ती शिशानेच गेली का, डॉक्टर म्हणाले खात्रीने सांगता येत नाही. बाईंनी तिला बांधाकडे पुरलं. मी खड्डा खणायला फावडं उचललं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

मॅडमना सांगायला गेलो ते राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवूनच. त्यांनी सगळं ऐकलं आणि प्रयोगाची वही ओढली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘नोंद नाही तर प्रयोग नाही’. त्यांनी लिहिलं, ‘वापरलेल्या शेंगा उघड्यावर वाळवल्या. शेळ्यांनी खाल्ल्या. चूक आमची.’ मी म्हटलं, “मॅडम, चूक माझी आहे.” त्या म्हणाल्या, “मी लिहून दिलं, पण ती ओली पोती तुम्ही कशी उचलून आणणार ते मी विचारलं नाही. आमचीच लिहायचं.” एवढी वर्षं मला धाकात ठेवलेल्या मॅडमनी त्या दिवशी मला चहा करून दिला. चहा वाईट होता. मी दोन कप प्यालो.

नंतर पाटोद्याच्या बाजारातून मॅडमनी आणि मी मिळून बाईंना एक पाट आणून दिली. बाईंनी ती ठेवून घेतली, पण तिला नाव ठेवलं नाही. बरेच दिवस ती नुसती ‘कालेजाची’ होती.

मग प्रश्न आला तो असा की, हे काम बंद करायचं का? मॅडम एक दिवस बंडूच्या दुकानी आल्या. जाळी लावू, कुलूप लावू, तारेचं कुंपण घालू, असं आमचं चाललं होतं. धुरपदाबाई रस्त्यापलीकडे शेळ्या घेऊन उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फारसं बोलत नव्हत्या. आमचं कुंपणपुराण त्यांना सहन झालं नसावं. तिथूनच म्हणाल्या, “बाई, शेतकरी बांधाकडच्या पिकाला शेन शिंपडतेत ते कायला? शेळी लेंडीच्या वासाला तोंड लावत न्हाई. आदी लेंड्या कालवा, मंग खुशाल वाळू घाला. एवडं शिकून एवडं बी ठावं न्हाई?”

मला ठाऊक होतं! नांदूरघाटला आमच्या वडिलांनी रस्त्याकडच्या ज्वारीवर दरवर्षी शेणकाला शिंपडला होता, आणि ती बादली मीच उचलायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कॉलेजच्या दारातून आत जाताना आपण काय काय बाहेर ठेवून जातो, त्याची यादी केली तर मोठी होईल.

मॅडमनी लगेच वही काढली. आम्ही आधी स्वच्छ, न वापरलेल्या शेंगा घेतल्या, लेंड्यांच्या काल्यात बुडवल्या आणि वाळत घातल्या. चांदणीला बोलावलं. ती दिमाखात आली, नाक पुढे केलं, शिंकली, आणि आमच्याकडे असं काही बघून गेली की मॅडम आणि बाई एकदमच हसल्या. प्रयोग यशस्वी, असं वहीत आहे. तेव्हापासून रीत ठरली. शेंगा ड्रममधून काढल्या की काल्यात बुडवायच्या, बंद जाळीत वाळवायच्या, आणि सिमेंटमध्ये मळून त्याचे ठोकळे करून कॉलेजच्या बंद खोलीत ठेवायचे, म्हणजे धातू कोंडलेला राहतो. काला करायचं काम बंडूकडे. तो कुरकुरायचा, “बॅटरीवाल्याचा शेनवाला केला राव तुमी.”

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट दुसरीकडे करायचा आहे. मॅडमचा निबंध छापून आला. त्यात आलेख आहेत, तक्ते आहेत, आणि धुरपदाबाईंचे आभारही आहेत. मॅडमची बदली झाली, मी निवृत्त झालो, आणि आमच्या खोलीत आता संगणक ठेवलेत. हे काम दुसऱ्या दहा ठिकाणी जायला हवं होतं, ते गेलं नाही, याचं दुःख आहे. बंडूचे ड्रम मात्र चालू आहेत. महिन्यातून एकदा मी जाऊन बघतो, आणि ठोकळे अजून कॉलेजच्या त्याच बंद खोलीत, माझ्याच कुलपात आहेत. नवीन प्राचार्यांना वाटतं तिथे काहीतरी मौल्यवान आहे.

आता त्या दुधाचं. तीन दुभत्या शेळ्यांच्या धारा काढणं तर भाग होतं, नाहीतर कास दुखते. काढलेलं दूध ओतून द्यायचं. मी वस्तीपासून, विहिरीपासून लांब एक खोल खड्डा खणला, या वेळी त्यांनी खणू दिला. रोज सकाळ-संध्याकाळ धुरपदाबाई धार काढायच्या आणि चरवी त्या खड्ड्यात रिकामी करायच्या. ज्या घरात सांडलेल्या दुधाला बोट लावून कपाळाला लावतात, त्या घरातल्या बाईने हे महिनोन्‌महिने केलं. मी बऱ्याचदा तिथे असायचो, कारण दर महिन्याला दुधाचा नमुना न्यायचा असे. एकदा त्या खड्ड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “तुमी न सांगता गेलं आस्ता तर?” मी म्हटलं, “जाणारच होतो. फाट्यावर उभा होतो.” त्यांनी मान हलवली. रागावल्या की नाही ते मला कळलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. मोठ्या शहरातून कागद आला. चांदणीचं दूध आणि त्या दिवशी तिथे नसलेल्या शेळीचं दूध, दोन्हींत फरक उरला नव्हता. डॉक्टरांनीही रक्ताचा निकाल बघून हिरवा कंदील दिला. मी कागद घेऊन वस्तीवर गेलो. सुनीता लेकीला घेऊन पुन्हा माहेरी आली होती. पोर आता ओट्याला धरून उभी राहत होती.

मी कागद उलगडून सगळं वाचून दाखवलं, सही कुठे आहे, शिक्का कुठे आहे तेही. बाईंनी ऐकून घेतलं. “कागद ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. चांदणीची धार काढली, चुलीवर दूध तापवलं आणि पितळी पेला भरून माझ्यासमोर ठेवला.

“आदी तुमी.”

मी पेला उचलला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बाटल्यांतलं पाणी तपासून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं लिहून दिलं होतं. त्यातलं एकही मी स्वतः पिऊन बघितलं नव्हतं, आणि कुणी प्यायला लावलंही नव्हतं. दूध गरम होतं, थोडं उग्र, शेळीचं असतं तसं. बाई समोर उकिडव्या बसून बघत होत्या. मी थांबलो नाही, तळापर्यंत प्यालो आणि पेला पालथा करून दाखवला. माझे डोळे भरले होते. त्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मग त्यांनी पातेल्यातलं दूध वाटीत ओतलं, बोट बुडवून ऊन किती ते पाहिलं, आणि हाक मारली, “सुनीते, पोरीला आन गं हिकडं.”